आधी वेळापत्रक, मग गर्दी



या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय आपल्यापैकी अनेकांना दूरदेशीचा वाटेल. ऑस्ट्रेलियात महिलांच्या फुटबॉलची एक लीग आहे. तिचं वेळापत्रक कसं ठरतं आणि तिच्या सामन्यांना माणसं किती येतात, याबद्दल मी बोलणार आहे. मुलींच्या खेळाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास कानावर येतो, "बघायला येतं कोण?" हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नको असतं, त्याला चर्चा संपवायची असते. मला मात्र त्याचं उत्तर द्यायचं आहे. बघायला किती माणसं येतात, हे सामना कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठल्या मैदानावर ठेवला आणि लोकांना किती आधी सांगितलं, यावर फार मोठ्या प्रमाणात ठरतं. ही लीग त्याचा चोख पुरावा आहे.

आधी खेळाची ओळख करून देतो. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तिथल्या माणसाच्या तोंडी 'फूटी', हा आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा अगदी निराळा खेळ आहे. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल. चेंडू लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलायचा. गोलाला सहा गुण मिळतात. पुरुषांच्या संघात मैदानावर अठरा जण असतात, महिलांच्या संघात सोळा. मैदान लंबगोल का, तर ते मुळात क्रिकेटचं आहे. टॉम विल्स या क्रिकेटपटूने जुलै १८५८ मध्ये एका नियतकालिकाला पत्र लिहिलं. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये म्हणून एखादा फुटबॉल क्लब काढावा, असं त्याने सुचवलं. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये खेळाचे नियम कागदावर आले. तेव्हापासून तिथल्या वर्षाची वाटणी ठरून गेली. उन्हाळा क्रिकेटचा, हिवाळा फूटीचा. तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट, हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं या वाटणीभोवती फिरतं.

बायका हा खेळ आज खेळू लागलेल्या नाहीत. १९१५ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, पर्थमधल्या एका मोठ्या दुकानात काम करणाऱ्या मुलींनी सामने खेळल्याची नोंद आहे. व्हिक्टोरिया राज्यात १९८१ साली महिलांची स्वतंत्र लीग चार संघांनिशी सुरू झाली. राष्ट्रीय लीग निघायला मात्र २०१७ साल उजाडावं लागलं. पुरुषांची लीग चालवणाऱ्या एएफएल या संस्थेने ती काढली. मूळ बेत २०२० चा होता, तो तीन वर्षं अलीकडे ओढला गेला. वर्षाचे महिने तोवर क्रिकेटने आणि पुरुषांच्या फूटीने वाटून घेतलेले. मुलींच्या वाट्याला आले फेब्रुवारी आणि मार्च, म्हणजे पुरुषांचा हंगाम सुरू व्हायच्या आधीची ऐन उन्हातली फट.

आता ३ फेब्रुवारी २०१७ च्या संध्याकाळकडे या. लीगचा पहिलाच सामना, मेलबर्नमधले जुने प्रतिस्पर्धी कार्लटन आणि कॉलिंगवूड समोरासमोर. आधी हा सामना ऑलिंपिक पार्क ओव्हल या छोट्या मैदानावर ठेवला होता. लोकांची उत्सुकता पाहून तो कार्लटनच्या प्रिन्सेस पार्कवर, म्हणजे प्रायोजकाच्या नावाने 'आयकॉन पार्क' म्हणतात त्या मैदानावर हलवला. शुक्रवारची संध्याकाळ, प्रवेश विनामूल्य, पुरुषांचा हंगाम अजून दूर. आत २४,५६८ माणसं मावली आणि दारं लावून घ्यावी लागली. बाहेर उरलेल्यांत लहान मुलींना घेऊन आलेली कुटुंबं होती. एएफएलचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी गिलन मॅक्लॉकलन स्वतः दाराबाहेर गेले आणि आत जाता न आलेल्यांची त्यांनी माफी मागितली. कार्लटनने ४६-११ असा सामना जिंकला, डार्सी व्हेसिओचे त्यात चार गोल. गुणफलकापेक्षा त्या बंद दाराने जास्त सांगितलं. ज्यांनी वेळापत्रक आखलं, त्यांनीच लोकांच्या इच्छेचा अंदाज कमी धरला होता.

पुढच्या वर्षी १० फेब्रुवारी २०१८ ला पर्थच्या नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये फ्रीमँटल आणि कॉलिंगवूड खेळले, ४१,९७५ प्रेक्षक आले. ३१ मार्च २०१९ ला ॲडलेड ओव्हलवर अंतिम सामना झाला. रविवार होता, यजमान शहराचा संघ मैदानात होता. त्या दिवशी ५३,०३४ माणसं आली. ॲडलेडने कार्लटनला ६३-१८ असं हरवलं. एरिन फिलिप्स, जी आधी अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉल खेळली होती, तिचा गुडघा त्याच सामन्यात जायबंदी झाला. तिला स्ट्रेचरवरून बाहेर नेताना अख्खं मैदान उभं राहिलं. सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली.

या तीन दिवसांत काय समान होतं? मोठं मैदान, सोयीची वेळ, लोकांना पुरेशी आधी मिळालेली खबर, आणि आपल्या गावाचा संघ. यातली एकही गोष्ट खेळाडूंच्या हातात नव्हती. सगळ्या वेळापत्रक करणाऱ्यांच्या हातात होत्या.

पुढे काय झालं ते पाहू. २०१९ मध्ये आठाचे दहा संघ झाले, पण साखळी सामने सातच राहिले. मग संघांचे दोन गट पाडले. एका गटात नॉर्थ मेलबर्नने सातपैकी पाच सामने जिंकले आणि तो संघ बाहेर पडला. दुसऱ्या गटात जिलाँगने तीन जिंकले, चार हरले, आणि तो बाद फेरीत पोहोचला. आपल्या संघाने जिंकूनही उपयोग झाला नाही, असं एकदा दिसलं की पाठीराखा पुढच्या खेपेला तिकीट काढताना विचार करतो. २०२० मध्ये चौदा संघ आले. कोरोनाने बाद फेरी अर्ध्यावर थांबली आणि त्या वर्षी कुणालाच विजेतेपद दिलं गेलं नाही. २०२२ मध्ये तर एकाच वर्षात दोन हंगाम उरकले गेले. एक ९ एप्रिलला संपला, दुसरा २५ ऑगस्टला सुरू झाला, आणि दुसऱ्यात अठराच्या अठरा संघ होते.

हा बदल नुसत्या तारखांचा नव्हता. लीग उन्हाळ्यातून उठून वसंतात गेली. त्यामागे विचार होता, तो मी नाकारत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी मैदान तापतं, धावणाऱ्या खेळाडूला ते सोसत नाही. पुरुषांचा हंगाम सप्टेंबरअखेर संपतो, त्यामुळे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मोकळे मिळतील, असा हिशेब होता.

पण हंगामाची सुरुवात नेमकी कुठे आली पाहा. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबर हे मेलबर्नमध्ये पुरुषांच्या बाद फेरीचे दिवस. तिथला अंतिम सामना लाखभर माणसांपुढे होतो. वर्तमानपत्रांची पानं, बातम्या, घराघरातलं बोलणं, सगळं त्यानेच भरलेलं. नव्या हंगामाची सुरुवात गाजायला हवी, ती या गलक्यात ऐकूच येत नाही. सप्टेंबर सरला की मेलबर्नची घोड्यांची शर्यत येते, जिच्यासाठी शहराला सुटी असते. शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षा येतात. आणि क्रिकेट सुरू होतं, म्हणजे मैदानं हातची जातात. मोठ्या मैदानांची खेळपट्टी तयार करायला घेतात, आणि उपनगरांतल्या मैदानांवर क्रिकेट क्लबांचा जुना हक्क असतो.

याचा फटका २७ नोव्हेंबर २०२२ ला दिसला. अठरा संघांच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना ब्रिस्बेन आणि मेलबर्न यांच्यात होता. ब्रिस्बेनचं प्रसिद्ध गॅबा मैदान त्या वेळी मिळण्यासारखं नव्हतं. सामना शहराबाहेरच्या स्प्रिंगफील्डमधल्या नव्या मैदानावर झाला, जिथे जेमतेम आठ हजार माणसं मावतात. मेलबर्न जिंकलं. सात हजारांहून थोडे अधिक लोक आले, कारण त्याहून फार जास्त येऊच शकत नव्हते. मेलबर्नची कर्णधार डेझी पिअर्स ही या लीगच्या जन्माआधीपासूनची तारका. लीग सुरू झाली तेव्हा ती रुग्णालयात मिडवाइफचं काम सांभाळून खेळत होती. तिच्या पहिल्या विजेतेपदाच्या सामन्याचा प्रेक्षकांचा आकडा मैदानाच्या भिंतींनी ठरवला. साडेतीन वर्षांपूर्वी ॲडलेडला त्रेपन्न हजार होते, मग लोकांचा रस आटला, असा निष्कर्ष कुणी यावरून काढला तर तो साफ चुकीचा ठरेल.

आणखी एक धागा आहे, आयर्लंडचा. तिथला गेलिक फुटबॉल आणि फूटी हे जवळचे खेळ आहेत. त्यामुळे कॉरा स्टॉन्टनसारख्या दिग्गज आयरिश खेळाडू ऑस्ट्रेलियात आल्या, आणि आता या लीगमध्ये तीसहून अधिक आयरिश मुली आहेत. हंगाम वर्षाच्या सुरुवातीला होता, तोवर त्या ऑस्ट्रेलियात खेळून घरी परतत आणि आपल्या काउंटीकडून उतरत. आयर्लंडचा मुख्य अंतिम सामना जुलै-ऑगस्टमध्ये असतो. ऑस्ट्रेलियाचा हंगाम ऑगस्टला सरकला आणि त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्न उभा राहिला. ३१ जुलै २०२२ ला मीथ काउंटीने डब्लिनच्या क्रोक पार्कवर विजेतेपद राखलं. त्या संघातल्या व्हिकी वॉल आणि ओर्ला लॅली काही आठवड्यांतच ऑस्ट्रेलियात मैदानात होत्या. विश्रांती नाही, सराव नाही. मेलबर्नमध्ये टेबलावर एक तारीख सरकते आणि मीथमधल्या मुलीचं वर्ष उलटंपालटं होतं.

आता आकड्यांच्या मुद्द्याकडे येतो, कारण वाद तिथेच पेटतो. पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी साडेसहा हजारांहून जास्त प्रेक्षक होते. अलीकडच्या हंगामांत सरासरी तीन हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. टीकाकार एवढंच सांगून थांबतात. आपण थोडा हिशेब करू. पहिल्या हंगामात आठ संघ आणि सात फेऱ्या, म्हणजे साखळीचे अठ्ठावीस सामने. २०२४ मध्ये अठरा संघ आणि प्रत्येकाचे अकरा सामने, म्हणजे नव्याण्णव. अठ्ठावीसला साडेसहा हजारांनी गुणा, एक लाख ब्याऐंशी हजार येतात. नव्याण्णवला नुसत्या अडीच हजारांनी गुणा, दोन लाख सत्तेचाळीस हजार पाचशे येतात. सरासरी घसरली तरी मैदानात येणारी एकूण माणसं वाढली. शिवाय सुरुवातीला प्रवेश विनामूल्य होता, नंतर मोठ्यांना तिकीट लागलं. खिशातले पैसे देऊन आलेला माणूस आणि फुकट आलेला माणूस यांना एकाच मापाने मोजणं योग्य नाही.

सरासरीत आणखी एक गोष्ट दडते. मेलबर्नच्या मध्यापासून पन्नासेक किलोमीटरवर क्रॅनबर्नला केसी फील्ड्स आहे, तिथे सामने होतात. संध्याकाळी पाचला सुरू होणारा सामना तिथे असला, तर नोकरदार बापाने मुलीला शाळेतून घेऊन, कामाच्या गर्दीतून वाट काढत तिथे कसं पोहोचायचं? २०२४ मध्ये दहा आठवड्यांत अकरा सामने बसवायचे म्हणून काही लढती आठवड्याच्या मधल्या वारी घेतल्या. दिवसभर नोकरी करणाऱ्या खेळाडूंना चार दिवसांत दोनदा मैदानात उतरवायचं, मधल्या वारी रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या मोजायच्या, आणि मग म्हणायचं की मागणी नाही.

याउलट एक प्रसंग सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये एसेंडन आणि हॉथॉर्न हे नवे संघ पहिल्यांदा खेळणार होते. ठरवलेलं मैदान उपनगरातलं, छोटं. तिकिटांची मागणी पाहून आयोजकांनी सामना शहराच्या मध्यातल्या मार्व्हल स्टेडियमवर नेला, आणि बारा हजारांहून अधिक माणसं आली. तेच संघ, त्याच मुली, तोच खेळ. बदललं ते ठिकाण.

२०२३ मध्ये एएफएल आणि खेळाडूंच्या संघटनेत करार झाला. पुरुष आणि महिला खेळाडूंचा हा पहिलाच एकत्र करार. मुलींचं मानधन वाढलं, करार बारा महिन्यांचे झाले. २०१७ मध्ये सगळ्यात कमी मानधन साडेआठ हजार डॉलर होतं, हे लक्षात घेतलं तर ही मजल मोठी आहे, आणि तिचं श्रेय ज्यांचं त्यांना द्यायलाच हवं. सामनेही वाढले, २०२५ मध्ये प्रत्येक संघाला बारा मिळाले. पण चौदापर्यंत जायला एक अट घातली गेली. सामन्यामागे सरासरी सहा हजार प्रेक्षक आणि टीव्हीवर सरासरी एक लाख दर्शक हवेत. पेरणीच्या आधी पिकाचा हिशेब मागावा, तशी ही अट आहे. वेळ, वार आणि मैदान निवडायचा अधिकार एका पक्षाकडे, आणि त्या निवडीच्या परिणामाची शिक्षा दुसऱ्या पक्षाला, हा न्याय नव्हे.

चौदा या आकड्याशी मी जरा थांबतो. पुरुषांची लीग १८९७ साली व्हिक्टोरियात सुरू झाली, तेव्हा तिच्यात आठ क्लब होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणून चौदा सामने. मुलींसाठी २०२७ चं लक्ष्य म्हणून जो आकडा ठेवला, तो पुरुषांना पहिल्याच वर्षी मिळाला होता. आणि आठाचे अठरा संघ व्हायला पुरुषांना २०१२ पर्यंत, म्हणजे एकशे पंधरा वर्षं लागली. मुलींच्या लीगने तेच अंतर २०१७ ते २०२२ या काळात कापलं. त्या वेगाने धावताना दमछाक होणारच. नव्या संघांतल्या कितीतरी मुली लहानपणी दुसरेच खेळ खेळत होत्या, कारण वयाच्या बारा-तेरा वर्षांनंतर त्यांना फूटी खेळायला संघच नव्हता. खेळाचा दर्जा घडायला सामने लागतात. अठरा संघांत बारा सामने म्हणजे आजही प्रत्येक संघाची प्रत्येकाशी एकदासुद्धा गाठ पडत नाही.

"आधी गर्दी जमवा, मग बघू" असं म्हणणाऱ्यांना मी इंग्लंडच्या इतिहासाची आठवण करून देतो. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा फुटबॉल सामना बघायला सुमारे त्रेपन्न हजार माणसं आली होती. वर्षभराच्या आत, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लिश फुटबॉल संघटनेने बायकांना आपल्या क्लबांची मैदानं बंद केली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. गर्दी होती, तरी खेळ टिकला नाही, कारण मैदान आणि तारीख ज्यांच्या हातात होती त्यांनी ती काढून घेतली.

खर्चाचा आक्षेपही मी टाळत नाही. मोठं स्टेडियम उघडायला पैसे लागतात. पन्नास हजारांच्या मैदानात तीन हजार माणसं बसली तर मैदान ओकंबोकं दिसतं, खेळाडूंनाही ते बोचतं. छोट्या मैदानावर गवतावर बसून, कुंपणाला रेलून सामना बघण्यात एक आपलेपणा आहे आणि तो जपला पाहिजे. पुरुषांच्या लीगचा पैसा मुलींच्या लीगला पुरवला जातो, हेही खरं. पण प्रत्येक सामना मोठ्या मैदानावर न्या, असं कुणीच म्हणत नाही. निवडक सामने मोठ्या मैदानावर, योग्य वारी, वर्षभर आधी जाहीर करून घ्या, एवढीच मागणी आहे.

ते जमतं, हे मेलबर्ननेच दाखवलं आहे, आणि त्याचे साक्षीदार आपणही आहोत. ८ मार्च २०२०, जागतिक महिला दिन. महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे फूटीच्या माहेरघरी, झाला. ती तारीख आणि ते मैदान आयोजकांनी फार आधीच ठरवून ठेवलं होतं. महिलांच्या खेळाचा प्रेक्षकसंख्येचा विक्रम मोडायचा, असं जाहीरच केलं होतं आणि त्यासाठी ते घरोघरी पोहोचले होते. समोर भारताचा संघ. त्यात सांगलीची स्मृती मानधना होती, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज होती, गोव्याची शिखा पांडे होती. आपण ८५ धावांनी हरलो. मैदानात ८६,१७४ माणसं होती. विक्रम थोडक्यात हुकला, पण ऑस्ट्रेलियात महिलांच्या खेळाला तोवर इतकी माणसं कधीच आली नव्हती. ती आपोआप आली नव्हती, त्यांना बोलावलं होतं.

श्रोतेहो, लीग चालवणाऱ्यांकडून माझी अपेक्षा साधी आहे. हंगाम कोणत्या आठवड्यात सुरू होईल आणि कोणत्या आठवड्यात संपेल, हे पुढच्या पाच वर्षांसाठी आजच सांगा. वारंवार जागा बदलणाऱ्या हंगामाची सवय कुणालाच लागत नाही, आणि गर्दी ही सवयीतून तयार होते. अंतिम सामन्यासाठी मैदानं आधी राखून ठेवा, त्यासाठी क्रिकेटवाल्यांशी बसून बोला. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी सामने ठेवू नका. आणि सामन्यांची संख्या प्रेक्षकांच्या सरासरीला बांधू नका. प्रत्येक संघ प्रत्येकाशी किमान एकदा खेळेल, या गणिताला ती बांधा.

आपल्याकडेही मुलींच्या खेळाची वेळापत्रकं अशीच उरल्यासुरल्या तारखांत बसवली जातात. म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे. यापुढे मुलींच्या सामन्याला माणसं कमी आली असं कुणी सांगितलं, तर तो सामना कोणत्या वारी होता, किती वाजता होता, मैदानात जागा किती होती आणि तारीख किती दिवस आधी कळवली होती, हे चार प्रश्न आयोजकांना विचारा. त्यांची उत्तरं मिळेपर्यंत खेळाडूंना काहीही विचारू नका.